'ओव्हर' आणि 'वरून': एका इंग्रजी शब्दाचा अर्थ पायरीपायरीने कसा लावावा

शाळेत इंग्रजीची शब्दयोगी अव्यये शिकवताना 'इन' म्हणजे आत, 'ऑन' म्हणजे वर, 'अंडर' म्हणजे खाली अशी जोड्यांची यादी पाठ करून घेतली जाते, आणि त्या यादीत 'ओव्हर'समोरही बहुधा 'वर' असेच लिहिलेले असते. त्यामुळे 'ऑन' आणि 'ओव्हर' हे एकाच अर्थाचे दोन शब्द असावेत असा विद्यार्थ्याचा समज होतो. पुढे 'द मीटिंग इज ओव्हर', 'अ क्वारल ओव्हर मनी', 'ओव्हर फाइव्ह हंड्रेड पीपल', 'ओव्हर द फोन' अशी वाक्ये समोर आली की त्या पाठ केलेल्या 'वर'चा काडीचाही उपयोग होत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणारे आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारे अशा सर्वांना हा शब्द रोज भेटतो, म्हणून त्याचा अर्थ कोणत्या क्रमाने तपासत जावा याची एक पद्धत पुढे मांडली आहे.

या पद्धतीचा पाया एवढाच, की 'ओव्हर' दिसल्यावर मराठीतला जो शब्द सर्वांत आधी लावून पाहायचा तो 'वर' नसून 'वरून' आहे. पुलावरून गाडी गेली, भिंतीवरून उडी मारली, फोनवरून बोलणे झाले, कागदावरून नजर फिरवली, पैशांवरून भांडण झाले ही पाच वाक्ये पाहा. प्रत्येकातला 'वरून' वेगळ्या अर्थाचा आहे, तरीही पाचही वाक्ये इंग्रजीत नेताना 'ओव्हर' चालतो. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही, कारण दोन्ही शब्द दूरच्या नात्यातले आहेत. संस्कृत 'उपरि', त्यावरून प्राकृतातून आलेला मराठी 'वर', लॅटिन 'सुपर', जर्मन 'युबर' आणि इंग्रजी 'ओव्हर' हे सगळे एकाच प्राचीन भारोपीय मुळातून फुटलेले धुमारे आहेत. नाते असले म्हणून प्रत्येक ठिकाणी व्यवहार जुळेलच असे मात्र नाही. 'पुस्तक टेबलावरून पडले' यातला 'वरून' सुटण्याचा आहे, तिथे इंग्रजीत 'ऑफ' लागतो. म्हणून 'वरून' ही पहिली चाचणी समजावी, अखेरचा निकाल नव्हे.

पहिली पायरी: वाक्यातली जागा पाहा

अर्थाकडे वळण्यापूर्वी 'ओव्हर' वाक्यात कुठे बसला आहे ते पाहावे. त्याच्यापाठोपाठ नाम किंवा सर्वनाम आले असेल आणि दोन्ही मिळून एक पद होत असेल, तर तो शब्दयोगी अव्ययासारखा वापरला आहे: 'ओव्हर द रिव्हर', 'ओव्हर सिक्स्टी', 'ओव्हर द वीकेंड'. त्याच्यामागे क्रियापद आहे पण पुढे त्याचे स्वतःचे असे नाम नाही, तर तो क्रियाविशेषण आहे: 'द मिल्क बॉइल्ड ओव्हर', म्हणजे दूध उतू गेले. आणि तो दुसऱ्या शब्दाच्या डोक्याला चिकटून आला असेल तर उपसर्ग आहे: 'ओव्हरलोड', 'ओव्हरटेक', 'ओव्हरसाइट'.

ही विभागणी व्याकरणाच्या हौसेसाठी नाही. 'ओव्हर टाइम' हे दोन शब्द सुटे लिहिले तर अर्थ होतो कालांतराने, हळूहळू. जोडून 'ओव्हरटाइम' लिहिले की अर्थ होतो ठरलेल्या वेळेपलीकडचे जादा काम आणि त्याचा मोबदला, ज्यासाठी 1948 च्या कारखाने अधिनियमाने नेहमीच्या वेतनाच्या दुप्पट दर ठरवून दिला होता. 'वेजेस विल राइज ओव्हर टाइम' या वाक्यातली मधली मोकळी जागा टंकताना गळली, तर कालांतराने वाढणारे वेतन वाचणाऱ्याला जादा कामाशी जोडलेले वाटू लागेल.

दुसरी पायरी: वस्तू स्थिर असेल तर 'ऑन', 'ओव्हर' की 'अबव्ह'

वस्तू हालत नसेल, तेव्हा प्रथम स्पर्श पाहावा. टेबलाला टेकलेले पुस्तक 'ऑन द टेबल' असते, आणि टेबलाच्या बरोबर डोक्यावर लोंबणारा दिवा 'ओव्हर द टेबल' असतो. पुस्तकाला 'ओव्हर द टेबल' म्हटले तर ते हवेत तरंगते आहे असे चित्र उभे राहते. 'खुर्चीवर बसा' याचे 'सिट ओव्हर द चेअर' असे भाषांतर याच कारणाने चुकते, आणि 'झाडावर चढला' याचे 'क्लाइम्ब्ड ओव्हर द ट्री' हेही चुकते, कारण तिथे वर जाणे आहे, ओलांडणे नाही. 'क्लाइम्ब ओव्हर द वॉल' बरोबर, कारण भिंतीवर चढून पलीकडे उतरायचे असते.

स्पर्श असूनही 'ओव्हर' येतो अशी एक मोठी जागा आहे, ती म्हणजे झाकणे. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर कावळ्यांपासून बचाव म्हणून पातळ कापड पसरले, तर ते कापड पापडांना टेकलेलेच असते, तरीही इंग्रजीत 'अ क्लॉथ ओव्हर द पापड्स' असेच म्हणतात, कारण सांगायचे असते ते आच्छादन. खांद्यावर शाल पांघरली, चेहऱ्यावर ओढणी घेतली, जखमेवर पट्टी बांधली, सगळीकडे 'ओव्हर'. याच अर्थाचा विस्तार म्हणजे 'ऑल ओव्हर', आणि त्याला मराठीत 'वर' वा 'वरून' लावत बसण्यापेक्षा 'भर' हा प्रत्यय लावावा: 'ऑल ओव्हर द बॉडी' म्हणजे अंगभर, 'ऑल ओव्हर महाराष्ट्र' म्हणजे महाराष्ट्रभर, 'ऑल ओव्हर द हाउस' म्हणजे घरभर. 'सर्व महाराष्ट्रावर' असे लिहिणारे भाषांतर वाचले की भाषांतरकाराने कोशाबाहेर पाहिलेच नाही हे कळते.

'अबव्ह' हा खरा गोंधळात टाकणारा शेजारी आहे. दिवा 'ओव्हर द टेबल' असतो तसा 'अबव्ह द टेबल'ही असू शकतो, त्यामुळे दोघांत फरक नाही असे वाटते. फरक असा, की 'अबव्ह' पातळ्यांची तुलना करतो. मोजपट्टीवर एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या वरच्या खुणेवर असली की 'अबव्ह'. ती बरोबर डोक्यावर असण्याची गरज नसते. 'ओव्हर'ला मात्र खालच्या वस्तूशी थेट संबंध लागतो: तिच्या माथ्यावर असणे, तिला झाकणे किंवा तिला ओलांडणे. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर समुद्रसपाटीपासून 1,646 मीटर उंच आहे. त्या शिखराखाली समुद्र नाही, समुद्र कैक कोस दूर पश्चिमेला आहे, म्हणून तिथे 'अबव्ह सी लेव्हल' असेच म्हणावे लागते. त्याच शिखराविषयी 'कळसूबाई राइझेस ओव्हर 1,600 मीटर्स अबव्ह सी लेव्हल' असे वाक्य लिहिले तर दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात: 'ओव्हर' म्हणजे 1,600 पेक्षा अधिक, आणि 'अबव्ह' म्हणजे त्या पातळीच्या वर. एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम भागते.

'सरासरीपेक्षा जास्त' याला 'अबव्ह ॲव्हरेज'. तापमानाला 'अबव्ह झीरो'. मजकुरात 'वर सांगितल्याप्रमाणे' म्हणायचे असेल तर 'ॲज मेन्शन्ड अबव्ह', तिथे 'ओव्हर' कधीच येत नाही. पानाच्या मागच्या बाजूला पाहायला सांगायचे असेल तर मात्र 'ओव्हरलीफ', कारण तिथे पान उलटायचे असते.

तिसरी पायरी: हालचाल असेल तर काय ओलांडले ते पाहा

ओलांडण्याच्या अर्थाने 'ओव्हर', 'अक्रॉस' आणि 'थ्रू' हे तीन शब्द स्पर्धेत असतात. मधली वस्तू उंच उठलेली असेल आणि तिच्या माथ्यावरून जावे लागत असेल तर 'ओव्हर': कुंपण, भिंत, डोंगर. मधला भाग सपाट असेल आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचे असेल तर 'अक्रॉस': रस्ता, मैदान, खोली. चहूबाजूंनी वेढलेल्या जागेतून जायचे असेल तर 'थ्रू': बोगदा, जंगल, गर्दी. म्हणून पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या माणसाने बोरघाट 'ओव्हर' ओलांडला तरी त्यातले बोगदे 'थ्रू'च ओलांडले असे म्हणावे लागते. नदी पोहून पार केली तर 'स्वॅम अक्रॉस द रिव्हर', कारण पोहणारा पाण्याच्या वर नसतो, पाण्यात असतो. नदीवर पूल असेल तर मात्र 'अ ब्रिज ओव्हर द रिव्हर' आणि 'अ ब्रिज अक्रॉस द रिव्हर' ही दोन्ही रूपे चालतात; पहिल्यात पाण्यावर उभी असलेली कमान नजरेसमोर येते आणि दुसऱ्यात दोन काठांची जोडणी.

आपल्याकडे या अर्थाचे शब्द रोजच्या बोलण्यात इतके मुरले आहेत की त्यांचा उपयोग शिकण्यासाठी करून घ्यावा. मुंबईत केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल 1965 साली सुरू झाला तेव्हापासून 'फ्लायओव्हर' हा शब्द मराठी माणसाला पाठ आहे. रेल्वेच्या कागदपत्रांत 'आरओबी' म्हणजे रोड ओव्हर ब्रिज, जिथे रस्ता रुळांवरून जातो, आणि 'आरयूबी' म्हणजे रोड अंडर ब्रिज, जिथे रस्ता रुळांखालून जातो. वर कोण आणि खाली कोण हे ठरवताना सुरुवातीचा शब्द पाहावा: जो रस्ता 'ओव्हर' आहे तो रुळांच्या वर. स्थानकावरच्या पादचारी पुलाला आपण 'फूट ओव्हर ब्रिज' म्हणतो. ब्रिटनमध्ये त्याला नुसते 'फुटब्रिज' म्हणतात, हे परदेशी वाचकासाठी लिहिताना लक्षात असू द्यावे.

चौथी पायरी: पुढे आकडा असेल तर

'ओव्हर'च्या पुढे संख्या आली की अर्थ 'पेक्षा अधिक' असा निश्चित होतो. मराठीत 'शंभराहून अधिक', 'शंभरच्या वर', 'शंभरावर' हे तीन पर्याय आहेत, आणि वृत्तपत्री मराठीत पहिला सर्वांत नेटका वाटतो. काही जुन्या संपादकांचा आग्रह असा असे की मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'मोअर दॅन' वापरावा आणि 'ओव्हर' फक्त जागेसाठी राखून ठेवावा. हा नियम मुख्यतः अमेरिकी वृत्तपत्रांचा होता आणि आता तिथेही तो सैल झाला आहे, त्यामुळे त्याचा फार बाऊ करण्याचे कारण नाही.

काळजी घ्यावी लागते ती वयाच्या बाबतीत. 'ओव्हर सिक्स्टी' याचा काटेकोर अर्थ साठीपेक्षा जास्त असा आहे, त्यात साठावे वर्ष पुरे झालेला माणूस बसतो की नाही यावर वाद होऊ शकतो. कायद्याची भाषा म्हणूनच 'ओव्हर' टाळते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या 2007 च्या अधिनियमात ज्येष्ठ नागरिकाची व्याख्या साठ वर्षे किंवा त्याहून अधिक वय पूर्ण झालेली व्यक्ती अशी आहे, तर संविधानाच्या अनुच्छेद 326 मध्ये मतदाराचे वय 'नॉट लेस दॅन एटीन इयर्स', म्हणजे अठरा वर्षांपेक्षा कमी नसलेले, असे मांडले आहे. अर्ज, परिपत्रक किंवा जाहिरात लिहिताना हाच कित्ता गिरवावा आणि 'साठ वर्षे व त्यावरील' असे स्पष्ट लिहावे. मराठीतला 'साठ वर्षांवरील' हा शब्दप्रयोगही तितकाच संदिग्ध आहे, त्यामुळे दोष एकट्या इंग्रजीला देता येत नाही.

पाचवी पायरी: पुढे काळ असेल तर

'ओव्हर द लास्ट टेन इयर्स' म्हणजे गेल्या दहा वर्षांत, पण त्यात एक छटा आहे, ती म्हणजे बदल हळूहळू, त्या सगळ्या कालावधीत पसरून झाला ही. म्हणून त्याच्याबरोबर पूर्ण वर्तमानकाळ येतो: 'द टाउन हॅज चेंज्ड ओव्हर द लास्ट टेन इयर्स'. एकाच क्षणी घडलेल्या घटनेसाठी, जसे अपघात किंवा नेमणूक, 'ओव्हर' न वापरता 'ड्युरिंग' किंवा 'इन' वापरावा. 'ओव्हर द वीकेंड' म्हणजे शनिवार-रविवारी, 'ओव्हर दिवाळी' म्हणजे दिवाळीच्या दिवसांत, 'ओव्हरनाइट' म्हणजे रातोरात. 'ओव्हर अ कप ऑफ टी' म्हणजे चहा घेता घेता. तिथे 'चहावर चर्चा' हा प्रयोग बातम्यांनी रूढ केला असला, तरी तो ऐकताना चहाच चर्चेचा विषय असावा असे वाटते.

सहावी पायरी: वाद, साधन आणि सत्ता

'ओव्हर'पाठोपाठ अमूर्त वस्तू किंवा विषय आला, आणि आधीचा शब्द वाद, संताप, चिंता, आंदोलन, खटला अशा जातीचा असेल, तर 'वरून' अगदी चपखल बसतो. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यात जो तंटा होता, त्यासाठी 1969 साली लवाद नेमला गेला. इंग्रजी बातमीत त्याचे वर्णन 'द डिस्प्यूट ओव्हर द कृष्णा वॉटर्स' असे होते. 'डिस्प्यूट अबाउट' चुकीचे नाही, पण 'अबाउट'मध्ये विषय फक्त कळतो. 'ओव्हर'मध्ये त्या विषयात दोन्ही पक्षांचे काहीतरी अडकलेले आहे, ती वस्तू कोणाच्या पदरात पडणार हा प्रश्न आहे, हे सूचित होते. म्हणूनच गप्पा 'अबाउट' होतात, भांडणे 'ओव्हर' होतात.

साधनाच्या अर्थाने 'ओव्हर द फोन', 'ओव्हर द रेडिओ', 'ओव्हर द इंटरनेट' येतात, आणि तिथेही फोनवरून, रेडिओवरून, इंटरनेटवरून हेच प्रतिशब्द आहेत. या गटात चूक करायला जागाच नाही.

सत्तेच्या अर्थाला मात्र 'वरून' चालत नाही, तिथे 'वर' हवा: 'कंट्रोल ओव्हर' म्हणजे एखाद्यावर ताबा, 'व्हिक्टरी ओव्हर' म्हणजे एखाद्यावर विजय, 'जुरिस्डिक्शन ओव्हर' म्हणजे अधिकारक्षेत्र. मुंबई उच्च न्यायालयाचे 'जुरिस्डिक्शन ओव्हर महाराष्ट्र अँड गोवा' आहे, तसेच दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव या केंद्रशासित प्रदेशावरही आहे. हे वाक्य मराठीत नेताना 'या प्रदेशांवर त्याचा अधिकार चालतो' असे लिहिले तर मूळ शब्दातली सत्ता आपोआप उतरते. परीक्षार्थींसाठी एक सूचना: 'प्रिफर'नंतर पारंपरिक व्याकरण 'टु' मागते, त्यामुळे 'प्रिफर टी टु कॉफी' लिहावे. 'प्रिफर टी ओव्हर कॉफी' आता सर्रास दिसते, पण उत्तरपत्रिकेत धोका पत्करण्याचे कारण नाही. नाम वापरले असेल तर 'अ प्रेफरन्स ओव्हर' निर्वेध चालते.

सातवी पायरी: संपण्याचा अर्थ, आणि आपली एक खास सवय

'इज ओव्हर' म्हणजे संपले, हे सर्वांना ठाऊक असते, आणि नेमके तिथेच मराठी भाषक घसरतात. मराठीत सभा संपते, पाऊस संपतो, दूध संपते, पैसे संपतात आणि सिलिंडरही संपतो. एकच क्रियापद सगळीकडे पुरते. इंग्रजीतला 'ओव्हर' मात्र फक्त घटनेला आणि कालावधीला लागतो: सामना, बैठक, युद्ध, सुट्टी, परीक्षा. वापरून संपणाऱ्या पदार्थाला तो लागत नाही. 'द मिल्क इज ओव्हर' आणि 'माय मनी इज ओव्हर' ही वाक्ये भारतात सगळ्यांना कळतात, पण लंडनच्या दुकानदाराला ती चमत्कारिक वाटतील. तिथे 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' असे म्हणतात. तसेच 'द मीटिंग गॉट ओव्हर ॲट फाइव्ह' हाही भारतीय इंग्रजीचा खास नमुना आहे. त्याऐवजी 'द मीटिंग एंडेड ॲट फाइव्ह' लिहावे. घरात किंवा सहकाऱ्यांत बोलताना ही रूपे वापरली म्हणून काही बिघडत नाही, पण परदेशी ग्राहकाला पाठवायच्या पत्रात ती टाळावीत हे बरे.

बिनतारी संदेशातला 'ओव्हर' याच कुळातला, पण त्याचा अर्थ संभाषण संपले असा नाही. 'ओव्हर' म्हणजे माझे बोलणे झाले, आता उत्तर द्या. 'आउट' म्हणजे संभाषण संपले, उत्तराची अपेक्षा नाही. त्यामुळे चित्रपटांतून लोकप्रिय झालेले 'ओव्हर अँड आउट' हे त्या पद्धतीच्या नियमांनुसार परस्परविरोधी आहे: एकाच दमात उत्तर द्या आणि उत्तर देऊ नका.

क्रिकेटमधले षटकही पंचाच्या 'ओव्हर' या पुकाऱ्याशी बांधलेले आहे, आणि तो पुकारा आजही खेळाच्या नियमांत आहे: ठरलेले चेंडू झाले की पंच 'ओव्हर' म्हणतो आणि गोलंदाजी दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. इथे जरा आडवाट घेण्याचा मोह आवरत नाही. मराठीने या शब्दाला 'षटक' असे नाव दिले ते सहा चेंडूंमुळे. पण इंग्लंडमध्ये 1889 पर्यंत ते चार चेंडूंचे होते, मग पाचाचे झाले आणि 1900 मध्ये सहाचे झाले, तर ऑस्ट्रेलियात 1978-79 च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंचे होते, म्हणजे तिथल्या षटकाला हिशेबाने अष्टकच म्हणायला हवे होते. नाशिकच्या बापू नाडकर्णींनी 1964 साली मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध ओळीने 21 'मेडन ओव्हर', म्हणजे निर्धाव षटके टाकली, ती सहा चेंडूंचीच. समालोचनातले 'ओव्हर द विकेट' मात्र अगदी निराळे आहे, त्यात ना षटक आहे ना शेवट: गोलंदाजाचा चेंडू टाकणारा हात यष्ट्यांच्या बाजूला राहील अशा रीतीने तो धावत आला, एवढाच त्याचा अर्थ.

आठवी पायरी: क्रियापदाशी जोडी जमली असेल तर

सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो तो इथे. 'हँड ओव्हर' म्हणजे ताबा देणे, 'टेक ओव्हर' म्हणजे सूत्रे घेणे, 'टर्न ओव्हर' म्हणजे उलटणे, 'गेट ओव्हर' म्हणजे आजार किंवा दुःख यातून सावरणे, 'थिंक ओव्हर' म्हणजे नीट विचार करणे, 'रन ओव्हर' म्हणजे वाहनाखाली चिरडणे. अशा जोड्या पाठ कराव्या लागतात, पण सर्वनाम कुठे ठेवायचे याला नियम आहे. जिथे 'ओव्हर' क्रियाविशेषण असतो तिथे सर्वनाम मधे जाते: 'हँड इट ओव्हर', 'थिंक इट ओव्हर', 'टेक इट ओव्हर'. 'हँड ओव्हर इट' चूक. जिथे 'ओव्हर' शब्दयोगी असतो, म्हणजे कर्म त्याचेच असते, तिथे सर्वनाम शेवटी राहते: 'गेट ओव्हर इट', 'गो ओव्हर इट'. 'गेट इट ओव्हर' असे लिहिले तर सावरण्याचा अर्थ जातो आणि ते एकदाचे उरकून टाका असा अर्थ डोकावू लागतो. तोही सहसा पुढे 'विथ' घेऊन येतो.

क्रियापद तेच राहून 'ओव्हर' मागून पुढे सरकला की अर्थ बदलतो, याकडे हिशेब आणि कायदा यांत काम करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. 'ही लुक्ड ओव्हर द अकाउंट्स' म्हणजे त्याने हिशेबावरून नजर फिरवली, ते तपासले. 'ही ओव्हरलुक्ड द अकाउंट्स' म्हणजे त्याने हिशेबाकडे दुर्लक्ष केले. पहिल्या वाक्यातला कारकून जबाबदार ठरतो आणि दुसऱ्यातल्याला 'कारणे दाखवा' नोटीस जाते. तेच क्रियापद इमारतीला लावले की तिसराच अर्थ निघतो: 'द बाल्कनी ओव्हरलुक्स द सी' म्हणजे सज्जातून समुद्र दिसतो, समुद्राकडे दुर्लक्ष होत नाही.

'ओव्हरसाइट' हे नाम तर स्वतःशीच भांडते. 'ओव्हरसाइट कमिटी' म्हणजे देखरेख समिती, आणि 'ड्यू टु ॲन ओव्हरसाइट' म्हणजे नजरचुकीने. ओळखण्याची खूण अशी, की आधी 'ॲन' असेल किंवा अनेकवचन असेल तर बहुधा नजरचूक, आणि 'ॲन' नसता 'ओव्हरसाइट ऑफ' किंवा 'अंडर द ओव्हरसाइट' असेल तर देखरेख. 'टर्नओव्हर'चेही असेच दोन अर्थ आहेत, पण दोन्ही उलथापालथीचेच: धंद्याच्या संदर्भात उलाढाल, आणि कर्मचाऱ्यांच्या संदर्भात माणसे सोडून जाण्याचे व नवी येण्याचे प्रमाण.

उपसर्ग म्हणून 'ओव्हर' आला की बहुतेक वेळा 'अति' किंवा 'प्रमाणाबाहेर' हा अर्थ असतो: ओव्हरलोड, ओव्हरईट, ओव्हरड्राफ्ट. 'तो जरा ओव्हरच करतो' असे मराठी तरुण म्हणतात तेव्हा या उपसर्गालाच सुटे काढून त्यांनी मराठी शब्द बनवलेला असतो. इंग्रजीत असे वाक्य होत नाही, तिथे 'ही ओव्हरडझ इट' लागते. 'ओव्हरहेड'मध्ये मात्र अति काही नाही: टाकी किंवा विजेची तार असेल तर डोक्यावरची, आणि हिशेबाच्या वहीत असेल तर भाडे, वीजबिल, पगार असा कायमचा वरखर्च.

सगळ्या पायऱ्या एका उताऱ्यावर

सरावासाठी बेतलेले हे वाक्य पाहा: 'ओव्हर द पास्ट टू इयर्स, ओव्हर फॉर्टी फार्मर्स हॅव प्रोटेस्टेड ओव्हर अ पॉवर लाइन दॅट रन्स ओव्हर देअर लँड, अँड द मॅटर इज स्टिल नॉट ओव्हर.' पहिल्या 'ओव्हर'च्या पुढे कालावधी आहे, म्हणून 'गेल्या दोन वर्षांत'. दुसऱ्यापुढे आकडा आहे, म्हणून 'चाळीसहून अधिक'. तिसऱ्याच्या आधी आंदोलन आहे, म्हणून 'वरून'. चौथ्यात वीजवाहिनी जमिनीच्या माथ्यावरून जाते, म्हणून पुन्हा 'वरून'. पाचव्याच्या पुढे काहीच नाही, म्हणून 'संपलेले'. आता हे जसेच्या तसे जोडले तर 'जमिनीवरून गेलेल्या वीजवाहिनीवरून' असे दोन 'वरून' एकापाठोपाठ येतात आणि वाक्य अडखळते. अशा वेळी जागेचा 'वरून' राखावा आणि वादाचा 'वरून' बदलावा, कारण वादासाठी मराठीत दुसरे शब्द आहेत: 'गेल्या दोन वर्षांत चाळीसहून अधिक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवरून गेलेल्या वीजवाहिनीविरुद्ध आंदोलन केले असून हे प्रकरण अजून मिटलेले नाही.' शेवटी 'संपलेले' ऐवजी 'मिटलेले' घेतले आहे, कारण प्रकरण मराठीत मिटते.